जिनोआतली बॅग मी ठेवली होती

शुभदा गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या फूडकोर्टमध्ये रांगेत उभा होतो. सकाळी तिनेच हाकललं होतं. "अहो, काहीतरी खाऊन या, तोंड बघा कसं झालंय." हातात ट्रे, ट्रेमध्ये भात आणि कसलीशी भाजी, आणि फोन वाजला. वॉर्डातली नर्स म्हणाली, लगेच वर या. आवाजावरून कळलं. ट्रे तिथेच कोणाच्या तरी टेबलावर ठेवून मी लिफ्टकडे धावलो. मी आधीच धरून ठेवलेल्या टेबलावर टिश्यूचं पाकीट तसंच राहिलं. शुभदाच्या पर्समधून घेतलेलं.

पाकिटाचं सांगतोय ते उगीच नाही. सिंगापूरला राहणाऱ्यांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली असतात त्या ठिकाणी, लोक आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री, ऑफिसचं ओळखपत्र असं काहीतरी ठेवतात आणि मग खाणं आणायला जातात. त्याला 'चोप करणं' म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरायचो, तोच प्रकार. फरक एवढाच की इथे त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. एकदा मी लॅपटॉपची बॅग ठेवून पंधरा मिनिटं रांगेत उभा राहिलो होतो. आलो तर बॅग जागच्या जागी. तीस वर्षांत ही सवय हाडात मुरते.

तिच्या तेराव्यानंतरच्या रविवारी करंदीकरांनी बुकित तिमाहला त्यांच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये शोकसभा ठेवली. करंदीकर माझे बँकेतले जुने सहकारी, माणूस मनाने वाईट नाही. साठ-सत्तर माणसं आली. एकेक जण बोलायला उठला. शुभदावहिनी किती साध्या, किती भोळ्या, किती सोशिक, देवधरांच्या, म्हणजे माझ्या, सावलीसारख्या... मी ऐकत होतो. मग करंदीकर उठले आणि म्हणाले, "वहिनींची आठवण काढायची आणि जिनोआचा किस्सा सांगायचा नाही, असं कसं चालेल?" आणि त्यांनी तो सांगितला. वहिनी इटलीत गेल्या, सिंगापूरच्या सवयीने टेबल अडवायला पासपोर्टची बॅग ठेवून आल्या, बॅग गेली, वहिनी रडायच्या बेतात, आणि देवधरांनी डोकं शांत ठेवून, संध्याकाळी पुन्हा त्याच दुकानात जाऊन ती मिळवली. "म्हणून तर आपण त्यांना टिश्यूवहिनी म्हणायचो." हॉल हसला. शोकसभेत, हार घातलेल्या फोटोसमोर, माणसं डोळे पुसत पुसत हसली. आमचा मुलगा निखिलही हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की चिडायचं कोणावर? ते सगळं त्यांना मीच सांगितलेलं होतं. अकरा वर्षं, दर गणपतीला, दर दिवाळीच्या फराळाला. त्यात तिच्याबद्दलचा एकही शब्द खरा नव्हता, म्हणून आज लिहितो आहे.

शुभदा भोळी नव्हती. पुण्यात ती भूगोल शिकवायची, बारा वर्षं, पाचवी ते दहावी. माझी बदली सिंगापूरला झाली तेव्हा तिने राजीनामा दिला. इथे तिच्या पदव्या कोणी विचारात घेतल्या नाहीत, आणि मीही फार पाठपुरावा केला नाही. मला ते सोयीचं होतं. मग ती रविवारी मुलांना मराठी शिकवू लागली, फुकट. नव्या गावात गेलं की ती आधी कागदाचा नकाशा मागायची आणि रस्ता कधी चुकायची नाही. सावली कसली म्हणता? उन्हात रस्ता दाखवत ती पुढे असायची आणि मी मागून यायचो.

जिनोआला आम्ही लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला गेलो. इटलीच्या किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर, निवड तिची. मला रोम-व्हेनिस चाललं असतं. ती म्हणाली, "हे गाव मी बारा वर्षं नकाशावर काठीने दाखवलंय, एकदा पायाने बघू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरच्या एका खाण्याच्या दुकानात गेलो. आत काउंटरवर घ्यायचं, बाहेर बसायचं. बाहेर एकच टेबल रिकामं होतं, पाण्याच्या कडेचं. मी खांद्यावरची बॅग काढली आणि टेबलावर ठेवली. दोघांचे पासपोर्ट, माझा फोन, परतीची तिकिटं, सगळं त्यात.

"अहो, बॅग ठेवताय? इथे?" ती म्हणाली.

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे. तू आत चल, मला काय घ्यायचं ते कळत नाही."

"मी बसते ना इथे. तुम्ही आणा."

"चल म्हटलं ना."

आम्ही आत गेलो. बाहेर आलो तर टेबलावर एक कुटुंब बसलेलं, दोन मुलं, एक कुत्रं. बॅग नाही. त्यांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. आणि मी, बँकेत जोखीम विभागाचा उपप्रमुख, त्या धक्क्यावर बायकोवर ओरडलो. "तुझं लक्ष कुठे असतं? एक बॅग बघता येत नाही?" भाषा कळत नसूनही लोक वळून बघायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि शांतपणे म्हणाली, "आतल्या कोणीतरी उचलून ठेवली असेल. आधी आत विचारू." मी म्हटलं, चोर काय बॅग सांभाळून ठेवतात? तिने दंड धरला होता, तो सोडवून मी पोलीस ठाण्याचा रस्ता धरला.

ठाण्यावरच्या माणसाने खुणांनी सांगितलं, इंग्रजीत तक्रार लिहून घेणारा चार वाजता येईल. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो तो बसलोच. पुन्हा व्हिसा, वकिलात, विमान, सगळं डोळ्यांसमोर. शुभदा माझ्या शेजारी पंधरा मिनिटं बसली. मग उठली.

"इथे बसून पासपोर्ट येणार आहेत का?"

"मग काय करू? नाचू?"

"नाचू नका. चला." तिच्या पर्समध्ये वीस युरोची एक नोट, रुमाल आणि हॉटेलने दिलेला नकाशा होता. तिचा फोन हॉटेलवर चार्जिंगला. "एवढ्यात दिवस जातो," ती म्हणाली.

तो दिवस मी कधी कोणाला सांगितला नाही. किस्स्यात त्याला जागाच नव्हती. इतक्या अरुंद गल्ल्या की वर वाळत घातलेल्या चादरींचं पाणी आमच्या डोक्यावर ठिबकत होतं, आणि ती मान वर करून त्या चादरी मोजत चालली होती. एका गल्लीच्या टोकाला चक्क डोंगरावर नेणारी लिफ्ट. गावातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन त्या लिफ्टने वर जात होती. वर गेलो तर सगळं शहर खाली, करड्या पाटीच्या दगडाची छपरं आणि पलीकडे समुद्र. शुभदाने नकाशाची सुरळी केली आणि काठीसारखी धरली. "हे बंदर. पाठीशी डोंगर, म्हणून गाव असं लांबट वाढलं, समुद्राला चिकटून. सातवीतल्या मुली विचारायच्या, बाई, तुम्ही पाहिलंय का हो? मी म्हणायची, पाहीन." मी घड्याळ बघत होतो. तिने ते पाहिलं आणि सुरळी खाली केली... ते मला आजही दिसतं.

दुपारी एका भट्टीवाल्याकडे तिने काचेतल्या मोठ्या तांब्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. पिवळी, जाड, कडेने करपलेली पोळी. पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, बेसन आहे. नुसतं बेसन, तेल आणि मीठ. यांचं धिरडंच की हो हे." आत जाऊन तिने त्या भट्टीवाल्याला खुणांनी विचारलं की ओवा का घालत नाही. त्याला ते कसं कळलं देव जाणे, पण दोघं हसत होती. मग बसने गावाच्या टोकाला, कोळ्यांच्या जुन्या वस्तीजवळच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर. तिने सँडल काढल्या, सलवार पोटऱ्यांपर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय सोडून बसली. "लग्नानंतर असा रिकामा दिवस पहिल्यांदा मिळाला," ती म्हणाली. "तुमच्याकडे फोन नाही, बॅग नाही. माझ्याकडे डबा नाही. बसा की जरा." मी बसलो, पण कुरकुरत. साडेतीनला मीच तिला उठवलं.

ठाण्याच्या वाटेवर ती पुन्हा म्हणाली, "आधी त्या दुकानात." मी म्हटलं, वेळ घालवू नकोस. ती थांबलीच नाही. दुकानात शिरली आणि मी मागून गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईने शुभदाला पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि खालून बॅग काढून समोर ठेवली. कोणीतरी विसरून गेलं म्हणून तिने ती आत उचलून ठेवली होती. दिवसभर तिथेच होती. बाईने शुभदाच्या गालाला हात लावला आणि मला इटालियनमध्ये बरंच काही सुनावलं. ते मला न कळताही कळलं. मी पासपोर्ट तपासले. शुभदाला काही म्हणालो नाही. ती म्हणाली, "आता तरी बसूया का जरा?" सकाळचं ते पाण्याकडेचं टेबल रिकामं होतं. तिथे कॉफी प्यायलो.

परत आल्यावर करंदीकरांकडे जेवायला गेलो होतो. मी बॅगेची गोष्ट रंगवत होतो आणि करंदीकरांनी विचारलं, "पण असं टेबलावर बॅग ठेवायचं डोकं चालवलं कोणी?" दहा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातले चार जण माझ्या हाताखाली काम करणारे. मी म्हणालो, "कोण चालवणार? आमची मंडळी." शुभदाच्या हातात श्रीखंडाचा वाडगा होता. तो टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सवय हो, इथली." सगळे हसले. एकदा बॅग तिने ठेवली म्हटल्यावर ती शोधून काढायचं श्रेयही माझ्याकडे येणं भाग होतं. खोट्याला खोटं लागतंच.

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती म्हणाली, "आज सांगितलंत, ठीक. पुन्हा नको." मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. टिश्यूवहिनी हे नाव पडलं तेव्हाही मी हसलो. काही वर्षांनी, एका फराळाहून आल्यावर, तिने दागिने काढता काढता एवढंच म्हटलं, "बॅग माझ्या नावावर राहू दे. पण परत जाऊन बघू, हे मी म्हटलं होतं. तेवढं तरी सांगा ना." मी "हो" म्हणालो. त्या 'पुन्हा नको'नंतर तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि त्यासाठी ना पैसे लागत होते ना वेळ. पुढच्या दिवाळीला मी किस्सा जसाच्या तसा सांगितला. ती फराळाच्या बशा भरत होती. तिने वर पाहिलंदेखील नाही.

शोकसभेनंतर मी निखिलला खरं काय ते सांगितलं. चोआ चू कांगहून तो दर शनिवारी येतो. तो म्हणाला, "बाबा, डझ इट मॅटर नाऊ?" फरक पडतो, निखिल. तुझी आई तुझ्या मुलांच्या आठवणीत एक वेंधळी बाई म्हणून राहणार आहे, आणि ती वेंधळी नव्हती. करंदीकरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो देवधर, जाऊ द्या. आणि खरं सांगू? किस्सा तसाच जास्त चांगला वाटतो." मी फोन ठेवला. चांगला वाटतो. साठ-सत्तर माणसांना हसायला एक बाई लागते आणि ती मेल्यावरही सोडवत नाही. आणि सगळ्यांत मोठा आरोपी मी, ज्याने ती त्यांच्या हाती दिली. सोशिक म्हणे. ती सोशिक नव्हती. तिने दोनदा सांगितलं होतं. ऐकणारा बहिरा होता.

तर करंदीकरांनी आणि त्या हॉलमध्ये हसलेल्या सगळ्यांनी हे वाचावं. बॅग मी ठेवली होती. परत जाऊन बघू, असं शुभदा म्हणाली होती. दोनदा.

जिनोआनंतर ती कधीच कोणाला टेबल चोप करू देत नसे. क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो की खांबाजवळचं टेबल बघून स्वतः बसायची. "मी बसते. तुम्ही आणा." लोक म्हणायचे, वहिनींनी चांगलाच धडा घेतला. मी तेही ऐकून घेत असे. हॉस्पिटलमध्ये ती खाली नव्हती म्हणून माझा हात पुन्हा पाकिटाकडे गेला.

परवा पहिल्यांदा एकटा खाली गेलो. तिची पर्स बरोबर होती, का घेतली माहीत नाही. आतल्या कप्प्यात टिश्यूचं आणखी एक पाकीट होतं, न फोडलेलं. खांबाजवळचं टेबल रिकामं दिसलं. मी ते तसंच सोडून रांगेत गेलो, आणि ट्रे घेऊन आलो तोवर तिथे एक चिनी म्हातारा येऊन बसला होता. मी ट्रे धरून उभा राहिलो. त्याने माझ्या काखेतली पर्स पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, यू पुट टिश्यू फर्स्ट, लाह."

"माझी बायको नाही ठेवायची," मी इंग्रजीत म्हणालो. "ठेवणारा मी होतो."

त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने आपला वाडगा जवळ ओढला आणि समोरची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. शुभदाची खुर्ची. मी पर्स मांडीवर घेतली आणि बसलो.