तीन हाका

"भाऊजी, हे ओ देईनात हो…" सरोजवहिनींचा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत उभा होतो. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची, शांतवनची बायको. सोनईतल्या घराच्या मागच्या दारात तो खुर्ची टाकून बसला होता, वहिनींनी स्वयंपाकघरातून चहाला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा… मी पोचलो तोवर अंगणात सतरंज्या पडल्या होत्या आणि चर्चचे पाळकसाहेब येऊन बसले होते. मेथी माझ्या हातातच होती. ती कुठं ठेवावी हे मला सुचेना.

शांतवननं आणि मी पुण्यात, पेन्शन वाटणाऱ्या एका संस्थेच्या संगणक विभागात, उभी हयात काढली. आमचं मशीन म्हणजे मेनफ्रेम, गार खोलीत ठेवलेलं धूड, आणि त्यावरचे कोबॉल या जुन्या संगणकी भाषेतले प्रोग्रॅम आमच्याही आधीच्या लोकांनी लिहिलेले. नवी पोरं त्याला 'म्हातारं' म्हणायची. म्हातारं खरं, पण कामाला वाघ. खोड एकच, ते कधी कुणाला काही विचारायचं नाही. समोर ठेवलेलं गिळायचं, हिशेब करायचं आणि गप्प बसायचं. मग वरून हुकूम आला, की पेन्शन सोडण्याआधी माणूस हयात आहे का, हे मशीननं जन्म-मृत्यू नोंदणीच्या परगावच्या संगणकाला जागच्या जागी विचारायचं. वेब सर्व्हिस म्हणतात ती हीच… इकडून हाक मारायची, तिकडून ओ यायची. जन्मभर मुक्या राहिलेल्या प्रोग्रॅमला हाक मारायला शिकवायचं काम शांतवनच्या गळ्यात पडलं, आणि शिव्या घालत का होईना, तो ते जीव लावून करत राहिला.

चाचणीच्या दिवशी मधली लाइन तुटली. नोंदणीकडून ना 'हो' आलं ना 'नाही'. उत्तराची जागा कोरी राहिली, आणि जुन्या प्रोग्रॅमच्या लेखी 'हो' नसलेलं सगळं 'नाही'च. त्यानं गावंच्या गावं मयत ठरवली. पडद्यावर नावं सरकत असताना त्यात शांतवनच्या आईचं नाव आलं. वडील शिक्षक होते, त्यांच्या मागं तिला पेन्शन होती. आधी तो हसला. मग हसू मावळलं आणि त्यानं तिथूनच सोनईला फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. त्या वेळचा त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तिसऱ्यांदा म्हातारी कडाडली, शेजारी उभ्या मलाही ऐकू आलं, "काय रं, काय आग लागली? हाय मी जित्ती! एका हाकंला कुनी ओ देतं व्हय? हाकामारी आसली म्हंजी?" हाकामारी दारात येऊन ओळखीच्या आवाजात बोलावते, पण तिसरी हाक तिला मारता येत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. म्हणून ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेला. पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणाऱ्या त्या घरातूनही हाकामारी काही गेली नव्हती, आणि म्हातारीनं तर तिला टेलिफोनमध्येही बसवलं होतं.

शांतवननं तेच प्रोग्रॅममध्ये घातलं. ओ आली नाही तर जरा थांब, पुन्हा विचार, तीनदा विचार. आणि तिसऱ्या हाकेलाही ओ नाही आली, तर माणूस जिवंत धर. या शेवटच्या वाक्यावर साहेब अडले. मेलेल्यांना पेन्शन जात राहील, म्हणाले. शांतवन भर बैठकीत ताडकन उठला. "जाऊ द्या की साहेब! गेलेले पैसे परत आणता येतात. जित्या माणसाला मारून ठेवलं तर ते कसं निस्तरणार? ओ आली नाही म्हंजे मेला, असं नसतं." त्याचं म्हणणं शेवटी राहिलं. बढती मात्र हुकली ती हुकलीच.

तो गेल्यावर काही दिवसांनी त्याच्या मोबाईलवर पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येऊन पडला. वहिनी घाबरल्या. मी जुन्या ऑफिसात चौकशी केली. मृत्यूची नोंद झाली होती, पण पेन्शनच्या कागदात नाव 'शांतवन' आणि मृत्यूच्या नोंदीत 'शांतवान'. एका कान्याच्या घोळात अडकून नोंदणीचा संगणक काहीच उत्तर देत नव्हता. म्हणजे आमचं म्हातारं तीनदा हाक मारत होतं, ओ येत नव्हती, आणि शांतवननंच शिकवल्याप्रमाणे ते शांतवनला जिवंत धरत होतं… फोन ठेवला आणि मला भर रस्त्यात रडू फुटलं. पण वहिनींना त्यांच्या हक्काची पेन्शन सुरू व्हायची, तर नावदुरुस्तीच्या अर्जावर त्यांची सही हवी होती. ती झाली की तिकडून स्पष्ट 'नाही' येणार होतं.

मागच्या आठवड्यात अर्ज घेऊन सोनईला गेलो. सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे ते मशीन अजून ह्यांना हाक मारतंय?"

"हो."

"मग मारू द्या की, भाऊजी… इथं मी एकटीच मारते."

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. वहिनींनी चहा गाळला, सवयीनं तीन कप भरले आणि त्या मागच्या दाराशी गेल्या. खुर्ची तिथंच होती, पाठीवर त्याचा टॉवेल तसाच. "अहो, चहा," त्या म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा हाक मारली, पुन्हा थांबल्या. तिसरी हाक त्यांनी एवढ्या मोठ्यानं मारली की शेजारची बाई कुंपणाशी धावत आली.

वहिनी माघारी आल्या, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढं हात केला.

"आणा तो कागद."