चाच्यांच्या जहाजासाठी घंटा

ते जहाज भूशिराच्या आडून पुढे आलं, तेव्हा झिया तितीना चर्चच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. हातातली शेंग हातातच राहिली. तीन उंच डोलकाठ्या, वाऱ्याने फुगलेली शिडं, मागे सोनेरी नक्षीचा सज्जा आणि सगळ्यात वर कवटीचं काळं निशाण. ते निशाण गावातल्या बायकांबरोबर तिनेच शिवलं होतं. कवटीचा एक डोळा मोठा झाला म्हणून सगळ्या पोट धरून हसल्या होत्या. आता मात्र तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढी देखणी गोष्ट आपल्या खाडीत येईल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

"एकाच बाजूने रंगवलंय गं," पायऱ्यांवर जाळं सांधत बसलेला सिल्वेरिओ म्हणाला. "पलीकडून बघशील तर तेच आपलं कोळशाचं जुनं गलबत. तोफा लाकडाच्या आणि सोनं डब्यातलं."

"गप रे मेल्या. मला या बाजूने दिसतंय ना, तेवढं बघू दे."

बेटावर लहानथोर सगळे तिला झिया, म्हणजे मावशी म्हणत. तिला सख्खं भाचरू मात्र एकही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात रोमहून चाच्यांचा सिनेमा काढणारी मंडळी आली आणि आमचं बेट पार उलटंपालटं झालं. कोळ्यांनी सकाळी दाढ्या चिकटवून चाचे व्हायचं आणि दुपारी दाढ्या उपटून स्पेनचे शिपाई. सिल्वेरिओने सकाळी जो सुरा उगारला, तोच दुपारी स्वतःच्या पोटात खाल्ला. बोलणं नंतर रोममध्ये दुसऱ्यांच्या आवाजात भरायचं होतं, त्यामुळे कुणाला काही पाठ करावं लागत नसे. दिग्दर्शक बेर्तोल्दी कर्ण्यातून ओरडायचा, "तोंड हलवा! आकडे मोजा!" मग सिल्वेरिओ डोळे वटारून, छाती ठोकून गर्जायचा, "सत्तावीस! अठ्ठावीस!" बायका हसून बेजार व्हायच्या.

पण झियाचं खरं काम घंटेचं. तिचा बाप चर्चची घंटा वाजवणारा, त्याच्यामागे ती. आमच्याकडे समुद्रात होडी पेटली की घंटा वाजते, आणि घंटा झाली की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून त्याने होडीत बसायचं. लग्न अर्धवट टाकून धावलेला नवरदेवही या बेटाने पाहिलाय. घंटा का वाजली, हे पाण्यात उतरल्यावर विचारायचं.

फक्त एकदा ती वाजली नव्हती. युद्धात सरकारने तोफा ओतायला घंटा उतरवून नेली होती. त्याच हिवाळ्यात एका सकाळी झियाचा नवरा आन्येलो मासे घेऊन परतत होता. होडीतल्या कार्बाइडच्या दिव्याचा भडका उडाला आणि शीड पेटलं. झियाने ओट्यावरून पाहिलं. ती मनोऱ्यात धावली. वर घंटा नव्हती, पण दोर तसाच लटकत होता, आणि सवयीने तिने तो ओढला. अख्खा दोर तिच्या अंगावर येऊन पडला. पुरुष सगळे पलीकडच्या बंदरात होते. ती ओरडत खाली गेली तेव्हा कुठे होड्या सुटल्या. सगळ्यात पुढे सिल्वेरिओ होता. त्याच्या हाताला आन्येलोची टोपी तेवढी लागली.

युद्धानंतर नवी घंटा चढली, आणि समुद्रात काही पेटलं की झिया ती वाजवणारच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शेवटच्या दृश्याआधी बेर्तोल्दी पाद्रीबाबांना, डॉन कोस्तान्झोंना, घेऊन पायऱ्या चढून आला. ओरडून ओरडून त्याचा घसा पार बसला होता.

"सिन्योरा, उद्या मी जहाज जाळणार आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्याकडे एकच जहाज आहे. ते एकदाच जळणार. घंटा ऐकून तुमच्या होड्या मध्ये आल्या तर माझा सिनेमा बुडाला, आणि त्याच्याबरोबर मीही."

"आत माणसं?"

"पेंढ्याची. कपडे घातलेली. एकही जिवंत जीव नाही, आईची शपथ."

"तितीना, उद्या घंटा नाही," डॉन कोस्तान्झो म्हणाले. "शब्द दे."

झियाने शब्द दिला. बेर्तोल्दी वाईट माणूस नव्हता. त्याने तिला तिच्या निशाणातला मोठा डोळा फार आवडला म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. झिया वर मनोऱ्यात होती. दोर तिने मुद्दाम उंच खुंटीला गुंडाळला होता आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. खाली हिरवा बावटा हलला आणि जहाज पेटलं.

आधी नुसता धूर. मग आग शिडांवर चढली आणि एका श्वासात तिन्ही डोलकाठ्या उजळल्या. सोनेरी सज्जा वितळून पाण्यात गळू लागला. इतकं भयंकर आणि इतकं सुंदर त्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. झियाही बघत राहिली. हे खोटं आहे, पेंढा आहे, असं ती स्वतःला बजावत होती.

तेवढ्यात कठड्याला बांधलेल्या एका पेंढ्याच्या माणसाची दोरी जळाली. आगीच्या झोताने त्याचा हात सुटला आणि हळूहळू वर उठला.

बाई दोराशी कधी पोचली, खुंटीवरून तो कधी सोडला, हे तिचं तिलाही सांगता आलं नाही. घंटा वाजली. ती अशी वाजली की चर्चवरची कबुतरं समुद्रापार गेली.

आणि खाली काय झालं म्हणता? हे सगळे जहाज रंगवणारे, पेंढा भरणारे, कपडे चढवणारे लोक. आत कुणी नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण घंटा झाली आणि सगळे धावले. चाचे, शिपाई, चिलखतातला सरदार, झगा वर खोचून डॉन कोस्तान्झो! शत्रू-मित्र एकाच होडीत, एकाच लयीत वल्ही मारत. सगळ्यात पुढे सिल्वेरिओ, अर्धी दाढी लोंबत. त्यांनी धगीत शिरून पेंढ्याचे सगळे चाचे बाहेर काढले आणि किनाऱ्यावर ओळीने झोपवले.

बेर्तोल्दी कर्णा तोंडाशी धरून उभा होता. 'थांबवा' म्हणायचं तो विसरला. कॅमेरे चालूच राहिले.

झिया खाली आली ती मान खाली घालूनच. "शब्द मोडला मी. हात ऐकेनात."

बेर्तोल्दीच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं की कसलं कोण जाणे. "सिन्योरा, वैरी वैऱ्याला वाचवायला धावले," तो म्हणाला. "हे मला लिहिता आलं नसतं."

जाण्याआधी बेर्तोल्दी आवाज टिपायचं यंत्र घेऊन मनोऱ्यात आला. "तशीच एकदा वाजवा."

"काय पेटलंय?" झियाने विचारलं.

"काही नाही."

"मग कशी वाजवू?"

तो रिकाम्या हाती परतला.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा बेटावर आला. बंदरावर शीड ताणून पडदा केला. सिल्वेरिओ छाती ठोकून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून रोमच्या कुणा नटाचा भारदस्त आवाज आला, "हा समुद्र माझा आहे!"

"खोटं! अठ्ठावीस म्हणाला होता!" बायका ओरडल्या.

मग जहाज पेटलं. पडद्यावर रोमची कुठलीशी घंटा वाजली, डबा बडवल्यासारखी. "ही आपली नव्हे," झिया पुटपुटली. होड्या निघाल्या, आगीला भिडल्या. सिल्वेरिओचा केसाळ हात पाण्यात गेला. तो वर आला तेव्हा त्यात पेंढा नव्हता, माणूस होता. रोमच्या हौदात भिजवलेला कुणी नट असेल. पण त्याने तोंडातलं पाणी थुंकलं, मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

झिया उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना, तरी तिला कुणी बस म्हटलं नाही. तिचे गाल ओले झाले होते.

"पोचलात," ती म्हणाली. "वेळेवर पोचलात रे."

शेजारच्या सिल्वेरिओने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"पोचलो, झिया," तो म्हणाला. "घंटा ऐकू आली ना."