विकायच्या आधी ठसा काढायचा

आमची मेंढरं लोकांच्या शेतात बसायची आणि त्या खताच्या बदल्यात आम्हाला ज्वारी मिळायची. कुणी शेत दिलं नाही की आई चूल पेटवतच नसे.

घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू एकच, पणजोबाचा लोखंडी ठसा. चंद्रकोर आणि खाली दोन टिकल्या. गेरूत बुडवून पाठीवर उठवला की ते मेंढरू आमचं. ताडकळसच्या बाजारात विकताना मात्र वडील, म्हणजे अण्णा, आधी तेवढी लोकर कातरून टाकत. आपली खूण परक्याच्या कळपात जाऊ द्यायची नाही, उद्या चोरीचा आळ कुणावरही येतो.

हे मला माहीत होतं. तरी परभणीतल्या माझ्या पहिल्या प्रदर्शनात तोच ठसा मी लाल रंगात बुडवून मोठ्या चित्रातल्या मेंढरावर उठवला होता. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. चुलते गावभर सांगायचे, लय शिकली अन् आता कागदावर मेंढरं हाकायली. एकही चित्र गेलं नाही तर रंग सोडून नोकरी बघीन, असं मी स्वतःच घरी कबूल केलं होतं.

तोवर एकही गेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी एक डॉक्टरीणबाई त्या चित्रापाशी थांबल्या आणि घेते म्हणाल्या. तेवढ्यात अण्णा आले. दारात चप्पल काढून चित्रापुढे उभे राहिले.

"इकायलीस का हे?"

"हो."

"मग ठसा काढ, माय."

ठशाशिवाय त्यात काही उरत नाही, असं मी हळूच म्हणाले. बाई हसून म्हणाल्या, काका, हे काही चरायला जाणार नाही. अण्णा हसले नाहीत.

"मी एक तरी मेंढरू ठशासकट इकलं का?"

मला संताप आला होता, तरी मी रंगाची सुरी काढली. थांबा, मला जरा विचार करू द्या, असं बाई म्हणाल्या तरी मी थांबले नाही. वाळलेला रंग सुटेना. कापडाचे धागे दिसेपर्यंत खरवडलं. मेंढराच्या पाठीवर बोडका चट्टा राहिला. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

बाईंनी पुढे होऊन तो चट्टा पाहिला. मग म्हणाल्या, "असंच द्या."

तेव्हापासून प्रत्येक चित्रावर ठसा उठवते आणि विकताना खरवडून देते. रंग सोडावे लागले नाहीत. आज मी चित्रं काढून घर चालवते.