वामनमामांची सुटी करून ठेवलेली गाडी

मामीचा फोन आला तेव्हा मी नुकती शाळेतून आले होते, चपलाही पायातच होत्या. "तुहे मामा गेले व," एवढंच ती म्हणाली... मागे कुणीतरी रडत होतं. मी लगेच रडले नाही. आधी शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडला, रिळांच्या मागे हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला रोटर जागेवर आहे ना ते पाहिलं. मग खाली बसून रडले. रोटर म्हणजे गाडीच्या इंजिनातला अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. तो काढून घेतला की कितीही धक्के मारा, गाडी चालू होत नाही. गाडी अमरावतीला मामांच्या अंगणात आणि रोटर अकोल्यात माझ्या घरी, असे आमचे वामनमामा!

मामा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस बोटांत ओढून त्याची प्रत सांगायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये हमाल. त्या जिनिंगच्या शेठकडे काळी फियाट होती, जुन्या घडणीची, पुढून सोंडेसारखी निमुळती. रोज सकाळी ती धुणं हे आजोबांचं जास्तीचं काम होतं. धुवायची बाहेरून. आत हात घालायची परवानगी नव्हती. पुढे जिनिंग बंद पडलं, शेठची मुलं मुंबईला गेली, आणि मामांनी तीच गाडी विकत घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली गाडी.

ती घरी आली त्या दिवशी मामांनी आधी आजीला, म्हणजे आपल्या आईला, मागचं दार उघडून दिलं. आजी आत शिरली आणि सीटला पाठ टेकवून खाली बसली, पायाशी, जिथं चपला ठेवतात तिथं. मी शेजारी होते, मला हसू आलं. मामांना आलं नाही. "आई, सीटवर बस," ते म्हणाले. "मले पुरते इथंच," आजी म्हणाली. "तुही गादी कायले मळवू?" मामांनी इंजिन बंद केलं. "तू सीटवर बसत नाईस तवरिक गाडी हालत नाई." बराच वेळ गाडी हलली नाही. वस्ती गोळा झाली. शेवटी आजी उठली, पदर सावरला आणि सीटच्या मधोमध बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते, ते मला अजून दिसतात.

अशा गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणत. पण मामांचे जिवलग दोस्त, शेजारच्या गादी कारखान्याचे युसूफचाचा समोर असले की मामा नुसतं 'फियाट' म्हणायचे. एक दिवस चाचाच वैतागले. "अरे वामन, नाव घेतल्यानं माहं तोंड विटाळते का बे? तू तरी असं बोलू नको!" दोघंही इतके हसले की चहा सांडला. दर चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे ही गाडी असायची, मामा चालवत, चाचा शेजारी, आणि मागे पांढऱ्या लुगड्यातली आजी. आजी गेल्यावरही मागच्या सीटवर मामांनी कुणाला बसू दिलं नाही. ती मधली जागा तिची.

मग ती वाईट वर्षं आली. कापसानं साऱ्या वऱ्हाडाला रडवलं, ते इथं पुन्हा काय सांगू? पण तेव्हा गावोगाव आणखी एक गोष्ट चालली होती, तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. गरज कुठे आहे याचा वास लागलेली माणसं टेम्पो घेऊन फिरत होती. नक्षीचे दरवाजे, पितळी हंडे, सागवानी झोपाळे पडेल त्या भावात उचलून मोठ्या शहरांत नेत होती. जुन्या गाड्यांना तर तिकडे फार मागणी. बाळापूरकडून, बार्शीटाकळीकडून अशा गाड्या गेल्याचं ऐकू यायचं. काही विकल्या गेल्या. ज्यांनी विकल्या नाहीत, त्यांच्याही गेल्या.

आमच्याकडे आलेला माणूस सफारी घातलेला, गोड बोलणारा. मी तेव्हा सुट्टीसाठी तिथेच होते. त्यानं किंमत विचारली नाही. नुसता बॉनेटवरून तळहात फिरवत राहिला, गाय घेताना फिरवतात तसा. निघताना म्हणाला, "सांभाळा, साहेब. अशा वस्तू आजकाल राहत नाहीत." त्यानंतर महिन्याभरात अकोल्याच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी भरदुपारी पोर्चमधून गेली. नेणाऱ्यांनी जाताना फाटकाची कडीसुद्धा नीट लावली होती. मग मामांचा कुत्रा अंगणात मरून पडला. आणि एका सकाळी मामा शेडचं कुलूप उघडायला गेले, ते जुनं गंजकं कुलूप, रोज दोन हातांनी झटावं लागायचं... किल्ली अलगद फिरली. कुणीतरी कुलपाला तेल घातलं होतं.

ओळखीच्या हवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, गेलं काय? काहीच नाही. मग तक्रार कायची लिहू?" बरोबरच होतं त्याचं. मामा घरी आले, चाचांना बोलावलं आणि दोघांनी मिळून गाडी सुटी करायला घेतली. चाकं चाचांच्या कारखान्यात पिंजलेल्या कापसाखाली गेली. स्टिअरिंग विहाराच्या कपाटात, ढोलकीशेजारी. बॅटरी एकाकडे, आणखी काही दुसऱ्याकडे. रोटर मला दिला. म्हणाले, "सारी गाडी कोनाच्याच घरी नाई, त चोरतीन काय?" गाडी विटांवर चढली. त्यानंतर दर एप्रिलला सारे आपापला तुकडा घेऊन यायचे, गाडी जोडली जायची, मिरवणूक व्हायची आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा सुटी. मी चिडवायचे, "मामा, गाडी हाय का लग्नातली भांडी? काढा, घासा, ठेवून द्या!" मामी मात्र चिडवत नव्हती, खरंच चिडलेली होती. "कोनी नेली त सुटीन एकदाची," म्हणायची. "मानूस जेवत नाई की झोपत नाई त्या डबड्यापायी."

ती खोटं बोलत नव्हती. मामा खंगत चालले होते. शेवटच्या वर्षी ते रोज दुपारी विटांवरच्या गाडीत जाऊन बसत, काचा वर करून, ड्रायव्हरच्या जागी, पुढ्यात स्टिअरिंगसुद्धा नाही. "आतून बरं दिसते," म्हणायचे, "कोन येऊन राहिलं ते." कोण येणार होतं? पण त्यांच्या शेजारी बसलं की मलाही रस्त्यावरचा प्रत्येक माणूस सावकाश चालतोय असं वाटायचं. आमच्या शेवटच्या भेटीत मी भांडले. म्हटलं, "काहून जीव जाळता? विकून टाका ना!" त्यांनी मग मागे न पाहता अंगठ्यानं मागची सीट दाखवली. "तिले त्या जागी बसवाले मले किती वर्षं लागले, तुले माहीत हाय? आता गाडी दुसऱ्याले देऊन आईले पुन्हा खाली बसवू काय मी?" पंधरवड्यानं त्याच जागी, त्याच दुपारच्या वेळी ते गेले. मामी चहा घेऊन गेली तेव्हा काचा वरच होत्या.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शेवटच्या वंदनेच्या दिवशी कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. तरी चाचा हातगाडीवर चाकं घेऊन आले, त्यांना कापूस चिकटलेला. विहारातून स्टिअरिंग आलं. बॅटरी आली. जो तो हातात आपला तुकडा घेऊन, डोळे पुसत. वंदना झाली, जेवणं झाली आणि पुरुषमंडळी गाडीला लागली. शेवटी चाचांनी माझ्यापुढे हात केला. मी सगळ्यांसमोर पर्समधून रोटर काढून दिला. दोनदा गुरगुरून गाडी चालू झाली. बाया हुंदके देऊन रडल्या, चाचा तर बॉनेटवर डोकं टेकवून. मला वाटलं, मामा असायला पाहिजे होते.

इंजिन बंद झालं आणि फाटकाशी कुणीतरी "फार वाईट झालं" म्हणालं. तोच. सफारी तीच वाटली, केस पांढरे झालेले. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मामांच्या फोटोला त्यानं हार घातला, पण डोळे फोटोकडे नव्हते. मग गाडीजवळ आला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट अजून गरम होतं. "वा," तो म्हणाला, "आता पूर्ण आहे." मामीला हात जोडले. "येईन मी निवांत, ताई."

तो गेला. इतकी वर्षं जे मामांनी होऊ दिलं नव्हतं, ते आम्ही त्यांच्याच प्रेमापोटी एका दिवसात करून बसलो होतो. मी मामीकडे पाहिलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या आता, नेऊ द्या. मामी उठली, पांढरा पदर खोचला. "युसूफभाऊ," ती म्हणाली, "चाकं काढा."

त्या संध्याकाळी सारे पुन्हा आपापला तुकडा घेऊन घरी गेले. वर ज्या जागा मी लिहिल्या आहेत त्या आता बदलल्या आहेत, कारण हे वाचणाऱ्यांत तोही असेल. आता मामी दुपारी गाडीत बसते. पुढे नाही, मागे, आजीच्या शेजारी. आणि मी अकोल्याला माझ्या घरी परत आले. परवा शाळेतून येऊन दाराच्या कुलपाला किल्ली लावली. माझं कुलूपही तसं जुनंच, रोज त्रास देणारं... किल्ली अलगद फिरली. मी आत गेले, ड्रॉवर उघडला. रिळं कुणीतरी रंगांप्रमाणे नीट लावून ठेवली होती. रोटर तिथे नव्हता, कारण अमरावतीहून आल्यापासून मी तो तिथे ठेवतच नाही. कुठे ठेवते, ते मी सांगणार नाही.