काकूंची ओळ

आमच्या शेजारच्या काकूंना मी त्या चांगल्या धडधाकट असताना मारलं, तेही ई-मेलवरून.

नव्वदीचं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. वागळे इस्टेटमधली नोकरी आटोपून मी डोंबिवलीला उतरायचो आणि सायबर कॅफेत बसून दर आठवड्याला एक पत्र लिहायचो. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. संपादक नको, छापखाना नको. लेखक मीच, पोस्टमनही मीच. अडचण एकच, वाचक नव्हते. होते ते चार मित्र, आणि त्यांतले दोघं पत्र न उघडताच "छान" कळवायचे.

काकूंनी हे मनावर घेतलं. त्यांचा सुहास अमेरिकेत होता आणि वर्षभर त्याचा फोन नव्हता. काय बिनसलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पत्र पाठवायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवायचो. डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ते राहू दे. आता माझं घाल." मग शेवटी त्यांची एक ओळ. नळाला सकाळी पाणी येतं आता. कुंडीतल्या झाडाला मिरची लागली. सुहासचं नाव कधीच नसायचं.

फक्त त्यालाच पाठवू का, असं मी विचारलं होतं. "नको. त्याला वाटेल, मी मागे लागलेय."

म्हणून सुहासचा पत्ता यादीत घालून त्यांनी त्याच्याभोवती गर्दी जमवली. भाजी घेता घेता बायकांना विचारायच्या, तुमचं कोण बाहेर असतं? अशा काकू तुम्हीही पाहिल्या असतील; त्यांना नाही म्हणता येत नाही. पत्ते तोंडपाठ करून आणायच्या. मधल्या त्या गोल चिन्हाला जिलबी म्हणायच्या. "आधी मंदार, मग जिलबी, पुढचं तुला ठाऊक." दुबई, मस्कत, न्यू जर्सी, वाचक वाढत गेले. मी समजत होतो, माझी शैली पोचतेय.

अंगारकीला काकू टिटवाळ्याला गेल्या आणि बहिणीकडे मुक्कामाला राहिल्या. ओळ मिळाली नाही. कॅफेवाला उठा उठा करत होता. मी घाईघाईत शेवटी लिहिलं, "या वेळी काकूंची ओळ नाही. काकू गेल्या." आणि पाठवून मोकळा झालो.

सकाळी दाढी करताना भिंतीपलीकडे त्यांचा फोन सारखा वाजत होता. कुणाला एवढी घाई, म्हणून मी गाल घासत राहिलो.

संध्याकाळी काकू प्रसाद घेऊन दारात उभ्या. कुलूप काढतानाही फोन वाजतच होता म्हणाल्या.

"सुहास होता. आधी नुसता रडला. मी म्हटलं, अरे, टिटवाळ्याला गेलेले."

मी बोलणी खायची तयारी केली. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि आवाज खाली आणला. "पुढच्या आठवड्यात पण तसंच लिही."

गरज पडली नाही. काकू टिटवाळ्याला गेल्या होत्या, असा खुलासा मी पुढच्या पत्रात करून टाकला. सुहास दर रविवारी फोन करू लागला. त्यालाही त्या नळाचंच सांगायच्या, मला भिंतीतून ऐकू यायचं. माझ्या पत्रातली ओळ मात्र त्यांनी सोडली नाही.

पुढच्या वर्षी थंडीत काकू झोपेतच गेल्या. सुहास आला, सगळं करून परत गेला. जाताना मिरचीची कुंडी माझ्या दाराशी ठेवून. त्या आठवड्यात मी लांबलचक लिहिलं, सगळं पुसलं आणि दोनच वाक्यं पाठवली. तीच.

मस्कतहून एकाचं उत्तर आलं. काकूंना त्याने कधी पाहिलं नव्हतं. माझं पत्र आपण शेवटून वाचायला घेतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो, हे त्याने मला आधीच कळवून ठेवलं होतं.

"या वेळी तरी वाक्य पूर्ण कर, गाढवा. कुठे गेल्या?"