एक नोंदणी क्रमांक, दोन लेखिका: इंदूरचा शनिवार-रविवार

१. इंदूरचं विद्यापीठ तिथे शिकलेल्या लेखिकांची यादी करत आहे. अट: विद्यापीठाच्या जुन्या वार्षिकांत किमान चार कथा किंवा कविता छापलेल्या हव्यात.
२. माझ्या आईच्या मावशीच्या पाच कथा छापल्या आहेत. यादीत तिचं नाव नव्हतं.
३. मी शुक्रवारी पुण्याहून गाडीत बसले. सोमवारी कामावर हजर होते.
४. नाव आता यादीत आहे.

आईची ही मावशी, आम्हा सगळ्यांची मीनामावशी, स्नेहलतागंजात राहते, स्टेशनपासून सामान घेऊनही पायी दहा मिनिटं. पोहोचले तेव्हा तिने पोहे आणि जिलबी आणूनच ठेवली होती. दोन्ही एकाच बशीत. इथे तसंच खातात, वेगळी बशी मागू नका.

"मी त्यांना फोनवर सांगितलं, त्या दोघी मीच," ती म्हणाली. "तर म्हणतात, माताजी, सबूत लाओ. अब या उमरमध्ये मी कुठून सबूत आणू?"

लग्नाआधी ती कुमारी वत्सला पानसे होती. एम.ए.च्या दोन वर्षांमधल्या सुट्टीत लग्न झालं, आणि नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मीनाक्षी' लिहिलं. "मी वाकून वाचलं, तेव्हा मला माझं नाव कळलं," असं ती अगदी सहज सांगते. वत्सलाच्या तीन कथा, मीनाक्षीच्या दोन. चारची अट दोघींपैकी कुणालाच पार करता आली नाही.

एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधून जोडणं हे माझं नोकरीतलं काम आहे. म्हणून हे सोपं वाटलं होतं. लग्नाची पत्रिका पिशवीत घातली आणि निघाले.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला रिक्षाने जा, पण पलासियाच्या सिग्नलसाठी पंधरा मिनिटं जास्त धरा. ओळखपत्र लागतं. शनिवारी दोनला बंद होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तुम्ही आधी फोन करा.

ग्रंथपाल दुबेजींनी पत्रिका उलटून पाहिली. त्यांचं मराठी इंदूरचं, म्हणजे अर्धं हिंदी. "इसमें तो वत्सला आहे. मीनाक्षी कुठे?"

मीनाक्षी नव्हतीच. पत्रिका लग्नाआधी छापतात आणि नाव लग्नात बदलतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. पावणेबारा वाजले होते.

नाव बदलतं, तर काय बदलत नाही? मी मावशीला फोन केला. "एम.ए.च्या मार्कशीट आहेत का? दोन्ही वर्षांच्या?"

"आहेत ना. मीच आणते."

"तू कशाला, मी येते."

"तू रस्ता चुकशील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सव्वाला ती रिक्षातून उतरली, इस्त्रीच्या साडीत. दुबेजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्या वर्षाचा वत्सलाचा, दुसऱ्या वर्षाचा मीनाक्षीचा. वरच्या कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक एकच. त्यांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला.

"भिया, ये तो एकच बाई निघाली!" ('भिया' म्हणजे भैया, इथे कुणालाही म्हणतात.)

"साठ वर्षांपासून एकच आहे," मावशी म्हणाली.

यादीचं काम करणाऱ्या प्राध्यापक मॅडम वरच्या मजल्यावर होत्या. त्यांनी फॉर्म उघडला आणि विचारलं, "कुठलं नाव लावू? रकाना एकच आहे."

मावशीने चष्मा पुसला. मग म्हणाली, "ज्या कथेखाली जे छापलंय ते. तीन तिच्या, दोन माझ्या. एकीला वगळायचं असेल तर दोघींनाही वगळा."

मॅडमनी दोन्ही नावं एकाच रकान्यात, मध्ये रेघ देऊन लिहिली. बसली. थोडी दाटीने, पण बसली.

रविवारी आम्ही कुठेच गेलो नाही. मावशीने ग्रंथालयातून आणलेल्या पाचही कथांच्या झेरॉक्स वाचल्या, हातात पेन धरून. एका कथेचा शेवटचा परिच्छेद सरळ खोडला. "वत्सला बरी लिहायची," ती म्हणाली. "मीनाक्षी घाईत असायची. कुकर लावून लिहिलेलं कळतं." नंतर आम्ही दोघी हसलो आणि दुपारी झोपलो. बऱ्याच महिन्यांत मी दुपारी झोपले नव्हते.

पुण्यात परत आल्यावर मनात राहिला तो मॅडमच्या टेबलावरचा खोका. 'चारपेक्षा कमी' असं लिहिलेला, कार्डांनी भरलेला, बरीचशी 'कु.' आणि 'सौ.' लावलेली. मी त्यांना विचारलं, यातल्या किती जणी दोनदा आहेत? त्या म्हणाल्या, "आम्ही कसं ओळखणार? घरचेच सांगू शकतात." खोका बघता येईल, पण यादी दहा तारखेला छपाईला जाते.

तेव्हा, तुमच्या घरातली कुणी इंदूरला शिकली असेल आणि तिने वार्षिकात लिहिलं असेल, तर तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि कुठल्याही मार्कशीटवरचा नोंदणी क्रमांक मला खाली कळवा. पाच तारखेपर्यंत.