देवीसाठी थांबते ती

"पाळी थांबवायची? कशाला? निसर्गानं दिलंय ते," डॉक्टर म्हणाले आणि नर्सकडे बघून हसले. नर्सही हसली.

आकुर्डीतला मोठा दवाखाना. मी सोळाचा. जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगी म्हटलेला. पण मी मुलगा आहे, हे मला शाळेतच कळलं होतं. दर महिन्याला पाळी आली की स्वतःच्याच अंगाची शिसारी यायची. जेवण जायचं नाही, शाळा बुडायची. ती थांबवा, एवढंच मागत होतो. त्यासाठी वडिलांच्या हातापाया पडून त्यांना इथवर आणलं होतं.

डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. वडिलांना म्हणाले, "ही अठराच्या आत आहे. कायद्यानं तुमची सही लागणार. हिला काय वाटतं, त्याला अर्थ नाही."

वडील चाकणला कंपनीत. साहेबापुढे उभे राहतात तसेच उभे होते, हात मागे बांधून. "सही न्हाई करायचो, डॉक्टर. लगीन करून टाकू तिचं."

"उत्तम. आपोआप ताळ्यावर येईल."

झाला निकाल. अंग माझं, आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. घरी येईपर्यंत मी दात आवळून होतो. रडलो असतो तर त्यांना मुलगीच दिसली असती.

महिन्याभरात गौरी आल्या. चऱ्होलीच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे मावेनात. आईनं चहाबरोबर एक गोळी पुढे केली. "घे गं. तुझी तारीख गौरीतच येतीय. इटाळ नको घरात."

पाळी पुढे ढकलायची गोळी. दर गौरीला घ्यायचो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आई आणायची. तिथे माझं वय कुणी विचारलं नव्हतं. कायदा कुणाला आठवला नव्हता. त्या दिवशी गोळी हातात घेतली आणि डोकं सणकलं.

"देवीसाठी थांबवता येते. मग माझ्यासाठी का नाही?"

वडील ओरडले, "देवाधर्माचं येगळं हाय!"

"मग या गोळीला देवीची सही घेतली होती का?"

गोळी मोरीत टाकली. पाळी आली, ऐन गौरीजेवणाच्या दिवशी. आई म्हणाली, आतल्या खोलीत बाजूला बस. नाही बसलो. आरतीचं ताट मीच उचललं. वडिलांनी पाहुण्यांदेखत थोबाडीत दिली. कान सुन्न झाला. ताट सोडलं नाही.

आता अठरा उलटलीत. माझी सही चालते. म्हणून काय झालं? रावेतचा एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे, माझ्यासारखाच. त्याची आई सही करायला तयार आहे. त्याच दवाखान्यानं तिला सांगितलंय, बापाला घेऊन या. बाप घर सोडून गेलाय.

उद्या मी त्या दोघांबरोबर जाणार आहे. डॉक्टर पुन्हा नर्सकडे बघून हसतील. हसू देत. मी खुर्ची ओढून बसणार आणि सांगणार, आधी याच्याशी बोला.

बोलल्याशिवाय उठणार नाही.